काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते नको

३ फेब्रुवारी

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची कुठंतरी नोंद राहावी म्हणून ही वही उघडली आहे. माझं पत्र परत आलं. कारण, विषयाची ओळ रिकामी. हे मला एका यंत्रानं कळवलं. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत बसून जिनं अर्धं आयुष्य 'विषय नमूद नाही, सबब अर्ज परत' असे शिक्के मारले, तिला. आमच्या खिडकीत निदान शिक्का मारणारीचं तोंड दिसतं, तिच्या नावानं बोटं मोडता येतात. यंत्राच्या नावानं बोटं मोडली तर दुखतात आपलीच.

प्रकरण असं. मास्तर, म्हणजे माझा नवरा, जन्मभर पोरांना गणित शिकवत आला म्हणून सगळेच त्याला मास्तर म्हणतात, मीसुद्धा. त्याचे स्नायू एकेक करून रजेवर गेले. आधी हात, मग पाय, दिवाळं निघाल्यासारखी शेवटी जीभ. आता डोळे तेवढे कामावर आहेत. डोळे वर केले की 'हो', घट्ट मिटले की 'नाही'. बाकीच्यासाठी फिजिओ बाईंनी पलंगासमोर एक पडदा लावून दिलाय. पडद्यावर अक्षरं असतात. तो ज्या अक्षरावर टक लावतो ते उमटतं आणि वाक्य झालं की यंत्र ते मोठ्यानं म्हणतं. एका वाक्याला चहा गार होतो, पण होतं.

होत होतं. महिनाभर झाला, प्रोग्रॅम मधेच बंद पडतो. अर्ध्या शब्दात. पडदा काळा आणि मास्तर छताकडे बघतोय. फिजिओ बाई म्हणतात, मला फक्त चालू करता येतो हो, पुढचं लिस्टवर विचारा. लिस्ट म्हणजे मेलिंग लिस्ट. हा प्रोग्रॅम फुकटात बनवणारी आणि वापरणारी माणसं तिथं एकमेकांना पत्रं लिहितात. आपण एक टाकलं की सगळ्यांना जातं. चावडीच म्हणायची, फक्त कुणी कुणाला बघितलेलं नाही.

४ फेब्रुवारी

विषय लिहिला. 'अत्यंत तातडीचे!!! मदत हवी!!!' खाली चांगली खरमरीत तक्रार. तुमच्या प्रोग्रॅमला जेवणानंतर डुलकी घ्यायची सवय दिसते, वगैरे. वाचून माझं मलाच हसू आलं.

तासाभरात उत्तर. 'तातडी कळली. अडचण कळली नाही. विषयाच्या ओळीत घाई नको, काय बिघडलं ते लिहा. कोणती आवृत्ती, कोणता संगणक, काय केल्यावर काय झालं, यातलं काहीच नाही. विनोद चांगले आहेत, त्यांचा उपयोग नाही. नियम वाचा.' खाली नाव होतं, ते मी वाचलं नाही. आजपासून त्याचं नाव खडूस.

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की नणंदेला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती मास्तरची थोरली बहीण. हल्ली इथंच असते, कमी बोलते आणि नेमकं चुकीच्या वेळी बोलते. म्हणाली, "चला, तुला तुझ्या तोडीचं कुणीतरी भेटलं."

मास्तरलाही सांगायला गेले. त्यानं पडद्यावर 'त्या' एवढं उमटवलं. मी म्हटलं, त्याला झोडायचं ना, झोडते बघ चांगला. पडदा काळा. बघा, हे असं.

७ फेब्रुवारी

नियम वाचले. नमनालाच घडाभर तेल, पण लिहिणारा मूर्ख नाही. त्यातली काही कलमं आमच्या खिडकीबाहेर रंगवून लावावीत अशी आहेत. एका पत्रात एकच अडचण लिहा. ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं लिहा. काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते नको. उत्तर आलं नाही म्हणून तेच पत्र पुन्हा पाठवू नका. इथं कुणी पगारी नोकर नाही, लोक आपलं काम सांभाळून उत्तर देतात. आणि सगळ्यात शेवटी: सुटलं की परत येऊन सांगा. नुसते आभार नकोत, काय निघालं ते सांगा. बहुतेक जण उत्तर घेतात आणि पसार होतात. पुढचा माणूस तीच अडचण घेऊन येतो तेव्हा त्याला अर्धवट गोष्ट सापडते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान. माणसं अर्जात सासूच्या पथ्यापासून सगळं लिहितात, फक्त घर नंबर लिहीत नाहीत, म्हणून मी रोज शंख करते. माझ्या पत्रात आवृत्ती नव्हती. असो. घर नंबर आणि आवृत्ती यांत फरक आहे. कोणता ते नंतर बघू.

९ फेब्रुवारी

लिस्टवर सगळ्यांसमोर हसं नको म्हणून खडूसला खासगीत लिहिलं. उत्तर आलं की खासगीत नको, लिस्टवर विचारलं तर उद्या आणखी कुणाला उपयोग होतो. माणूस आहे की पाटी?

मग लिस्टवर सभ्यपणे विचारलं. आवृत्ती लिहिली, संगणक लिहिला. प्रश्न एकच: प्रोग्रॅम बंद पडल्यावर आपोआप परत चालू व्हावा यासाठी काय करावं?

खडूस म्हणाला, 'बंद का पडतो ते माहीत नसताना परत चालू कशाला करायचा? हा तुम्ही शोधलेला उपाय झाला. अडचण काय आहे? तुम्हाला नक्की काय हवंय?'

मला काय हवंय म्हणजे? नवऱ्यानं बोलावं असं हवंय. पण हे असलं काही त्या चावडीवर मांडायला मी बसलेली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर लपवायचं, भांडं माझं आहे.

दुसरा एक भला माणूस मात्र लगेच धावला. कसं करायचं ते चित्रांसकट पाठवलं, वर 'ताई, काळजी करू नका' असंही लिहिलं. याला साखरतोंड्या म्हणावं. जगात अशीही माणसं असतात म्हणून जग चाललंय.

१० फेब्रुवारी

फिजिओ बाईंच्या मदतीनं साखरतोंड्याची युक्ती बसवली. झकास. मी म्हटलं, काय मास्तर, आता बोला किती बोलायचं ते. 'म' उमटला. मी म्हटलं, मस्त ना? पडदा काळा झाला आणि क्षणात उजळला, अक्षरं हजर. पुन्हा काळा, पुन्हा हजर. असं किती तरी वेळ. प्रोग्रॅम झोपायला आणि युक्ती त्याला उठवायला, पण जिंकला आमचा उपाय.

मास्तरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतक्या उजेडाची सवय नाही. उद्या उजेड कमी करून घेते.

१३ फेब्रुवारी

फुप्फुसाचे डॉक्टर घरी येऊन गेले. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा आमच्या साहेबांसारखा झाला, निधी संपलाय पण सांगायचं कसं तसा. श्वास आता पुरत नाही. पुढचा कफ झाला की घशाला भोक पाडून नळी घालायची आणि कायमचं यंत्र लावायचं, किंवा नाही लावायचं. आत्ताच ठरवून ठेवा, ऐन वेळी धावपळीत ठरवू नका, म्हणाले. निर्णय पेशंटचा.

मी सांगितलं, आमचं दोघांचं एकच असतं. मग मास्तरकडे वळून विचारलं, "करू या ना रे? घाबरायचं नाही ना?"

त्यानं डोळे घट्ट मिटले. दमला होता. डॉक्टर थांबले थोडा वेळ, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, झोप लागली वाटतं. ते म्हणाले, कागद पंचवीसला करू, तोवर बोलून घ्या. त्यांना चहा विचारायचा राहिला.

१४ फेब्रुवारी

मास्तरनं दिवसभरात एक अक्षर उमटवलं नाही. प्रोग्रॅम मात्र ठणठणीत चालू.

१६ फेब्रुवारी

लिस्टवर लिहिलं की उपाय लागू पडला पण आता वापरणारा माणूस बोलेनासाच झाला, तेव्हा अक्षरांचा आकार वाढवता येतो का. साखरतोंड्यानं आकार कसा वाढवायचा ते चित्रांसकट कळवलं. खडूसनं विचारलं, आकारावर तुम्ही कशावरून आलात?

मी चिडून लिहिलं की घरात पेशंट आहे, मला नोकरी आहे, रात्री झोप नाही आणि तुमची उलटतपासणी संपत नाही. वाटलं होतं आता अंगावर येईल. नाही आला. लिहिलं होतं: 'आधी ते आपोआप चालू होणं काढून टाका. मग एक दिवस शेजारी बसा आणि बघा. बंद पडायच्या आधी खोलीत काय काय होतं ते क्रमानं लिहा. खोलीत जे जे आहे ते सगळं. कुणाला गाळू नका.'

युक्ती काढली. उद्या रजा टाकते. एवढं केलं की याचं तोंड बंद होईल.

१७ फेब्रुवारी

लिस्टवर पाठवलं ते इथं उतरवते.

'सकाळी प्रोग्रॅम चालू केला. पेशंटची बहीण खुर्चीत पेपर वाचत होती. पेशंटनं "खिडकी उघड" असं म्हटलं. बहिणीनं उघडली. "अर्धी" असं म्हटलं. तिनं अर्धी केली. प्रोग्रॅम चालू. बहीण पुन्हा पेपर वाचू लागली. पेशंटनं बऱ्याच वेळानं "तुझं कोडं आडवं सात चुकलंय" असं म्हटलं. पूर्ण वाक्य. बहीण हसली. प्रोग्रॅम चालू.

मी आत आले. पेशंटनं "मला" उमटवलं. मी पाणी हवं का विचारलं आणि पाणी आणलं. बंद.

पुन्हा चालू केला. "मला न" उमटलं. मी म्हटलं, नको असेल तर राहू दे. बंद.

दुपारी फिजिओ बाई आल्या. त्या मुकाट्यानं पाय हलवत होत्या. "आज डावा जास्त दुखतोय" असं पूर्ण वाक्य. चालू. मी दारातून म्हटलं, काल उजवा होता ना. बंद.

संध्याकाळी "नळी" एवढं उमटलं. मी त्याला म्हटलं, त्याची चिंता करू नको, मी सगळं ठरवलंय. बंद. त्यानंतर चालू केला नाही.

निष्कर्ष: माझ्या आवाजाची पट्टी वरची आहे. या आवाजानं प्रोग्रॅम बिघडतो का? तसं असल्यास माइक कसा बंद करावा?'

निष्कर्ष नको म्हणतात, पण चांगला सुचला म्हणून घातला.

१८ फेब्रुवारी

खडूसचं उत्तर. उतरवायचं नव्हतं. उतरवते.

'या प्रोग्रॅमला माइक लागत नाही. त्याला कान नाहीत, फक्त डोळे कळतात. वर उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आहे. तिच्यावर टक लावली की प्रोग्रॅम बंद होतो. तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही. तुम्ही फार नीट लिहिलंय, एकदा स्वतःच वाचा. ती चौकट मी घातली. माझ्या वडिलांनी मागितली होती. त्यांचं म्हणणं होतं, तोंड होतं तेव्हा मला ते मिटता यायचं.'

साखरतोंड्यानं माइक कसा बंद करावा ते चित्रांसकट पाठवलंय.

पडद्याजवळ जाऊन बघितलं. वर उजव्या कोपऱ्यात आहे चौकट. त्या पडद्यावरची धूळ रोज मीच पुसते.

२० फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. ऑफिसात एका म्हाताऱ्याचा अर्ज घेतला, तो काही सांगायला लागला, मी म्हटलं नळाला पाणी कमी येतं ना, आणि तो गप्प बसला. मग मीही. मागची रांग खोकायला लागली तेव्हा तो म्हणाला, कमी येत नाही बाई, रात्रभर वाहतं, बंदच होत नाही.

घरी आल्यावर नणंदेला विचारलं, ताई, तुम्हाला माहीत होतं? भांडी विसळत होती, हात थांबवले नाहीत.

"लहानपणापासून असाच तो. एक वाक्य करायला त्याला वेळ लागतो. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, ही बोलकी आहे, त्याचं निम्मं काम हीच करील."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस का? तू विचारत नाहीस गं. तू उत्तर सांगतेस आणि शेवटी 'ना' लावतेस."

मला काही तरी झणझणीत सुचलं होतं. विसरले. खोटं कशाला, विसरले नाही, पण बोलले नाही. भांडी पुसून ठेवली.

तेराव्या तारखेचं पान उघडून वाचलं. डोळे घट्ट मिटले, असं माझ्याच अक्षरात आहे. घट्ट मिटले की 'नाही', हेही माझ्याच अक्षरात आहे, पहिल्या पानावर.

२१ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे केलं. एका वेळी एकच अडचण. प्रश्नात आपलं उत्तर नको. विचारून झालं की थांबायचं.

प्रोग्रॅम चालू करण्याआधी विचारलं, चालू करू? आणि थांबले. एवढ्या साध्या प्रश्नाला त्यानं वेळ घेतला, मला वाटतं चव घेतली. मग डोळे वर.

चालू केला. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "नळीबद्दल तुझं काय म्हणणं आहे?"

मग थांबणं. थांबण्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं हे आज कळलं. 'न' उमटलं. माझ्या जिभेवर पाच-सहा वाक्यं रांगेत उभी. ओठ दातांत धरला. 'नळी' झालं. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, पिपाणी वाजत राहिली. 'नळी न'. मी खिडकीकडे बघायला लागले, कारण अक्षरांकडे बघितलं की पुढचं मीच बोलले असते. यंत्र बोललं तेव्हाच वळले.

"नळी नको."

का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं झालं नव्हतं. पोरांना नेहमी म्हणायचा, नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखवा. आता स्वतः दाखवत होता. चहा गार झाला, त्यावर साय धरली, तरी चाललंच होतं.

"भीती वाटते. नळीची नाही. नळी घालून नुसता पडून राहीन आणि मग डोळेही जातील. तेव्हा मला कुणी विचारू शकणार नाही."

बराच वेळ काही उमटलं नाही. कोपऱ्यातल्या चौकटीकडे जातोय की काय म्हणून मी बघत होते. गेला नाही.

"तू बोलत राहा. मला ऐकायला आवडतं. फक्त मधे नको."

मी काय म्हणाले ते लिहीत नाही. फार काही म्हणाले नाही.

२५ फेब्रुवारी

डॉक्टर आले. कागद काढला. मास्तरनं सुरुवात केली, 'मला न' इथवर आलं आणि डॉक्टरांना घाई होती, ते पेन उघडत म्हणाले, म्हणजे नको, बरोबर? उत्तर बरोबरच होतं.

मी म्हटलं, "थांबा. त्याचं व्हायचंय."

डॉक्टर थांबले. नणंद दारात उभी होती, तीही. यंत्र बोललं, "मला नळी घालू नये. मी हे स्वतः सांगतो आहे. माझी बायको शेजारी आहे आणि ती गप्प आहे." डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. मास्तर माझ्याकडे बघत होता. त्या डोळ्यांत काय होतं ते मला वाटलं, दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही.

सही माझी लागली, त्याच्या शब्दांखाली.

४ मार्च

हल्ली रोज संध्याकाळी त्याला ऑफिसातल्या तक्रारी सांगते. एका बाईनं मीटर चोरीला गेल्याची तक्रार केली आणि चोराच्या नावापुढे 'श्री.' लावलं. तो डोळ्यांनी हसतो. मग मी गप्प बसते आणि तो बोलतो. दिवसाला दोन-तीन वाक्यं. काल म्हणाला, चोर मोठ्या घरचा असेल. एवढं एक वाक्य पूर्ण ऐकायला मी कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या. डाळ खाली लागली.

आज दुपारपासून छातीत घरघर आहे.

९ मार्च

मास्तर गेला. सकाळी. घरीच. नळी नव्हती.

प्रोग्रॅम चालू होता. त्यानं बंद केला नव्हता. मी केला.

१५ मार्च

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, शेवटी काय म्हणाला? म्हणजे शांतपणे गेला ना, त्रास नाही ना झाला. उत्तर सांगतात आणि शेवटी 'ना' लावतात. मी त्यांना होकार देते. ज्यांना खरंच विचारायचं असतं ते विचारून थांबतात. अशा दोघीच भेटल्या. एक फिजिओ बाई. दुसऱ्या ताई, आणि त्या तर तिथंच होत्या.

त्रास झाला.

२९ मार्च

फिजिओ बाई पडदा घेऊन गेल्या, दुसऱ्या कुणाला तरी द्यायचाय. भिंतीवर त्याच्या खुणेची चौकट राहिलीय, तेवढा रंग उजळ.

लिस्टवरची पत्रं अजून येतात. कुणाच्या पडद्याचा, कुणाच्या चष्म्याचा प्रश्न. आज एका मुलीनं लिहिलंय, 'मदत हवी!!! आईचा प्रोग्रॅम आपोआप बंद पडतो.' तिला जुन्या पत्रांत माझा प्रश्न सापडला, त्याखाली साखरतोंड्याची युक्ती सापडली आणि ती आता तीच बसवणार आहे. खडूसनं अजून उत्तर दिलेलं नाही. त्याचंही काम असेल, घर असेल.

माझी गोष्ट तिथं अर्धवट पडून होती. जेवण उरकल्यावर बसले. आधी लांबलचक झालं, मग कापलं. जुन्या पत्राच्या खालीच लिहिलं, म्हणजे पुढच्याला सलग सापडेल.

'प्रोग्रॅम बिघडला नव्हता. वापरणारा माणूस तो स्वतः बंद करत होता, कारण मी त्याला वाक्य पुरं करू देत नव्हते. आपोआप चालू करायची युक्ती कृपया कुणीही बसवू नये. आम्ही सहा-सात दिवस बसवली होती. त्याला गप्प बसायचा एकच मार्ग होता, तो मी बंद केला होता. चालू करण्याआधी विचारावं. विचारल्यावर थांबावं. वेळ लागतो. मग तो व्यवस्थित चालला, शेवटपर्यंत. कोपऱ्यातली चौकट काढू नये.'

मास्तर गेल्याचं लिहिलं नाही. विषयाला सोडून झालं असतं.

सुरुवातीला खडूसचं नाव घालायचं होतं म्हणून त्याचं पहिलं पत्र उघडून सही वाचली. साधंच नाव आहे. घातलं. विषयाची ओळ होती तीच ठेवली, पुढे फक्त 'सुटलं' एवढं जोडलं आणि पाठवलं. या वेळी परत आलं नाही.